गुळवेल : संकलनाकडून लागवडीकडे

भारतातील औषधी वनस्पतींचा विचार करताना दुर्मीळ, हिमालयीन किंवा अतिमूल्यवान प्रजातींकडे प्रथम लक्ष जाते. परंतु ग्रामीण अर्थव्यवस्था, वनहक्क, जैवविविधता आणि सार्वजनिक आरोग्य या चारही विषयांना एकाच वेळी स्पर्श करणारी वनस्पती कोणती, असा प्रश्न विचारल्यास त्याचे उत्तर गावाच्या कुंपणावरच सापडते. ती वनस्पती म्हणजे गुळवेल. शेताच्या बांधावर, पडक्या भिंतीवर आणि जुन्या कडुनिंबाच्या फांद्यांवर सहज वाढणाऱ्या या वेलीला काही दशकांपूर्वीपर्यंत फारशी बाजारपेठ नव्हती. आज तिचे वाळलेले खोड आयुर्वेदिक औषधनिर्मितीतील महत्त्वाचा कच्चा माल आहे. मात्र या मालाचा मोठा भाग अजूनही शेतातून नव्हे, तर जंगलातून, पडीक जमिनीतून आणि रस्त्याच्या कडेने गोळा होतो.

या परिस्थितीतून तीन प्रश्न निर्माण होतात. गोळा केलेली वेल खरोखर गुळवेलच आहे, याची खात्री कोण देणार? वेल तोडण्याच्या पद्धतीमुळे तिचा नैसर्गिक साठा टिकेल काय? आणि वाढत्या मागणीचा लाभ संकलक व लहान शेतकरी यांच्यापर्यंत पोहोचेल काय? गुळवेलीच्या लागवडीचा अभ्यास या तीन प्रश्नांच्या संदर्भात केला, तरच तो उपयुक्त ठरतो.

नावांतून उलगडणारी वनस्पती

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असे असून ती मेनिस्पर्मेसी या कुळात मोडते. ‘कॉर्डिफोलिया’ या शब्दाचा अर्थ हृदयाच्या आकाराची पाने असलेली. संस्कृतात तिला गुडूची म्हणतात. हिंदीत ती गिलोय, गुजरातीत गळो, बंगालीत गुलंच, कन्नडमध्ये अमृतबळ्ळी, तर मल्याळममध्ये चित्तामृत या नावाने ओळखली जाते. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशापासून पूर्वेला आसामपर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत उष्ण व समशीतोष्ण हवामानात ती आढळते. श्रीलंका आणि म्यानमार या शेजारी देशांतही तिचा आढळ आहे. अतिउंच आणि हिमवृष्टीचे प्रदेश मात्र तिला मानवत नाहीत.

प्राचीन वैद्यक ग्रंथांतील तिची पर्यायी नावे ही केवळ स्तुतिपर विशेषणे नाहीत. त्यांत वनस्पतीचे निरीक्षण साठलेले आहे. खोड आडवे कापल्यास त्याच्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणून ती ‘चक्रलक्षणिका’. आधाराभोवती वेटोळे घालत चढते, म्हणून ‘कुंडली’. तोडली तरी पुन्हा वाढते, म्हणून ‘छिन्नरुहा’. यांपैकी शेवटचे नाव लागवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. गुळवेलीच्या फांद्यांना दोऱ्यासारखी लांब हवाई मुळे फुटतात. वेलीचा जमिनीशी असलेला संबंध तुटला, तरी झाडावर लोंबणारा वरचा भाग बराच काळ जिवंत राहतो, खाली मुळे सोडतो आणि ती जमिनीला टेकताच नव्याने वाढू लागतो. मांसल खोडात साठलेले पाणी व पिष्टमय पदार्थ यांमुळे हे शक्य होते. याच गुणधर्मामुळे खोडाच्या तुकड्यांपासून तिची अभिवृद्धी सोपी ठरते.

चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी या चार वनस्पतींचा उल्लेख मेध्य रसायने म्हणून केलेला आहे. औषधासाठी मुख्यतः खोडाचा वापर होतो. ताजे खोड कुटून पाण्यात भिजवल्यावर तळाशी जो पांढरा पिष्टमय साका बसतो, तो वाळवून ‘गुळवेल सत्त्व’ तयार केले जाते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाच्या पहिल्या भागात गुडूचीची नोंद असून तिच्या खोडाची ओळख व गुणवत्ता यांचे निकष तेथे दिलेले आहेत.

नर आणि मादी वेली

गुळवेल ही विभक्तलिंगी वनस्पती आहे. म्हणजे नर फुले व मादी फुले स्वतंत्र वेलींवर येतात. फुले लहान आणि पिवळसर हिरवी असतात. उन्हाळ्यात, बहुधा पाने गळालेली असताना, ती उमलतात. नर फुले झुपक्यांनी, तर मादी फुले बहुधा एकेकटी असतात. मादी वेलीवर वाटाण्याएवढी फळे लागतात व पिकल्यावर ती लाल होतात.

या गुणधर्माचा लागवडीशी थेट संबंध आहे. एकाच मातृवेलीच्या फांद्यांपासून तयार केलेली सर्व रोपे जनुकीयदृष्ट्या एकसारखी आणि एकाच लिंगाची असतात. त्यामुळे माल एकसारखा मिळतो, हा लाभ आहे. परंतु संपूर्ण परिसरात एकाच वेलीची संतती पसरल्यास बीजधारणा होणार नाही आणि जनुकीय वैविध्यही संकुचित होईल. म्हणून रोपवाटिकेत वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या नर व मादी अशा दोन्ही मातृवेलींची जोपासना करावी आणि त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी.

नेमकी ओळख : गुणवत्तेची पहिली पायरी

गुळवेलीच्या व्यापारातील सर्वांत गंभीर अडचण भेसळीची, आणि त्याहूनही अधिक, अजाणतेपणी होणाऱ्या चुकीच्या ओळखीची आहे. टिनोस्पोरा वंशातील अन्य प्रजातीही भारतात आढळतात. त्यांपैकी टिनोस्पोरा क्रिस्पा ही प्रजाती गुळवेलीसारखी दिसते. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही आणखी एक जवळची प्रजाती असून तिच्या पानांच्या खालच्या बाजूस दाट लव असते. वाळलेल्या तुकड्यांच्या स्वरूपात या प्रजाती वेगळ्या ओळखणे सामान्य ग्राहकाला जवळपास अशक्य असते.

जिवंत वेलीवर मात्र काही खुणा स्पष्ट दिसतात. गुळवेलीचे कोवळे खोड हिरवे असते. जून खोडावर कागदासारखी पातळ, सहज सुटणारी साल येते आणि ती नखाने खरवडल्यास आतला हिरवा भाग दिसतो. खोडावर श्वसनछिद्रांचे बारीक ठिपके असतात, परंतु मोठ्या गाठी नसतात. क्रिस्पाचे खोड करडसर असून त्यावर चामखिळीसारख्या असंख्य ठळक गाठी असतात. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या असतात, तर क्रिस्पाच्या फुलाला तीन. गुळवेलीचे फळ गोल व लाल असते. क्रिस्पाचे लांबट व नारिंगी असते. लागवडीसाठी फांद्या घेण्यापूर्वी मातृवेलीला फुले किंवा फळे आलेली असताना वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून तिची ओळख पक्की करून घ्यावी. सुरुवातीलाच चूक झाली, तर शेकडो रोपांच्या रूपाने तीच चूक शेतभर पसरते.

मागणी आणि नैसर्गिक साठा

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना 2000 साली झाली. औषधी वनस्पतींचे संवर्धन, लागवड आणि व्यापार यांच्याशी संबंधित धोरणांत समन्वय साधणे, हे त्याचे कार्य आहे. मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2008 मध्ये प्रकाशित झालेल्या देशव्यापी अभ्यासात व्यापारात असलेल्या 960 औषधी वनस्पतींची नोंद करण्यात आली. त्यांपैकी 178 प्रजातींचा वार्षिक वापर प्रत्येकी 100 टनांपेक्षा अधिक होता; मात्र या 178 पैकी मुख्यतः लागवडीतून मिळणाऱ्या प्रजाती केवळ 36 होत्या. 2017 मधील पुढील अभ्यासात व्यापारातील प्रजातींची संख्या 1,178 आणि 100 टनांपेक्षा अधिक मागणी असलेल्या प्रजातींची संख्या 242 आढळली. मागणीचा पाया विस्तारत असताना पुरवठ्याचा भार निसर्गावर राहिला, असा या आकडेवारीचा अर्थ आहे.

2020 मध्ये कोविड साथीच्या काळात गुळवेलीकडे समाजाचे विशेष लक्ष वेधले गेले. आयुष मंत्रालयाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्साविषयक कार्यप्रणालीत गुडूचीचा समावेश होता. घरोघरी काढे होऊ लागले आणि काष्ठौषधींच्या बाजारात गुळवेलीला मोठी मागणी आली. अशा अचानक वाढलेल्या मागणीच्या वेळी संकलनाची शिस्त ढिली पडण्याचा धोका असतो. वेल बुडापासून उपटली जाते, अपरिपक्व फांद्या तोडल्या जातात आणि ओळखीबाबत हयगय होते.

याच काळात मागणीचे रूपांतर रोजगारात कसे करता येते, याचेही उदाहरण महाराष्ट्रात दिसले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर परिसरात कातकरी युवकांच्या गटाने वन धन योजनेच्या साहाय्याने गुळवेल गोळा करून, वाळवून व चूर्ण करून ती औषधनिर्मात्यांना पुरविण्याचे काम उभे केले. कातकरी हा विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक समाज आहे. वीटभट्टी व कोळसाभट्टीवरील हंगामी स्थलांतरावर ज्या समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून असते, त्याला गावातच काम मिळणे याचे मोल मोठे आहे. परंतु भोवतालच्या वेलीच संपल्या, तर हे कामही संपेल. म्हणून संकलनाला लागवडीची जोड देणे ही केवळ पर्यावरणाची नव्हे, तर उपजीविकेचीही गरज ठरते.

लागवडीचे तंत्र

जमीन व हवामान : गुळवेल बहुतेक सर्व प्रकारच्या जमिनींत वाढते. तथापि, सेंद्रिय पदार्थांनी युक्त, मध्यम व उत्तम निचऱ्याची जमीन तिला अधिक मानवते. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत मुळे व खोडाचा तळ कुजतो. उष्ण व दमट हवामानात वाढ जोमदार होते. एकदा स्थिरावलेली वेल उन्हाळ्याचा ताण सहन करते.

अभिवृद्धी : बियांपासून रोपे तयार करता येतात, परंतु उगवण कमी व वाढ मंद असते. त्यामुळे छाट कलमांची पद्धत श्रेयस्कर होय. जून-जुलै महिन्यांत निरोगी मातृवेलीच्या परिपक्व खोडाचे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे, किमान दोन पेरे असलेले तुकडे घ्यावेत. तुकडा कापताना त्याचे खालचे टोक तिरके व वरचे टोक सरळ कापल्यास लावताना उलटसुलट होण्याची चूक टळते. एक पेर मातीत व एक वर राहील अशा बेताने तुकडे पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर लावावेत आणि त्यांना विरळ सावली द्यावी. माती ओलसर असावी. चिखल होऊ देऊ नये. सुमारे दीड महिन्यात रोपे शेतात लावण्यायोग्य होतात.

लागण : जमिनीची नांगरणी करून हेक्टरी सुमारे 10 टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन वेलींत व दोन ओळींत प्रत्येकी 3 मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे 1,100 वेली बसतात. कलमांतील मर, तसेच नांग्या भरणे यांचा विचार करून रोपवाटिकेत याहून बरीच अधिक कलमे तयार ठेवावी लागतात.

आधार : वेलवर्गीय पिकात आधाराचा खर्च हा निर्णायक घटक असतो. लाकडी खांब व तारांचा मांडव उभारता येतो; परंतु गुळवेलीसारख्या मध्यम मूल्याच्या पिकाला तो परवडेलच असे नाही. शेताच्या बांधावरील कडुनिंब, शेवगा, गिरिपुष्प, पांगारा यांसारख्या झाडांचा जिवंत आधार अधिक किफायतशीर ठरतो. आधाराचे झाड पुरेसे वाढलेले असावे. कोवळ्या झाडावर वेल सोडल्यास ती त्याचा शेंडा झाकून टाकते आणि झाडाची वाढ खुंटते. परंपरेत कडुनिंबावर वाढलेली गुळवेल अधिक गुणकारी मानली जाते आणि बाजारातही तिला वेगळे महत्त्व दिले जाते.

निगा : पहिल्या वर्षी दोन ते तीन खुरपण्या कराव्यात. वेल आधाराला लागेपर्यंत तिला सुतळीने हलकेच बांधून दिशा द्यावी. पावसाळी प्रदेशात हे पीक कोरडवाहू घेता येते. तथापि, पहिल्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात अधूनमधून पाणी दिल्यास रोपे तगतात. औषधासाठी वापरावयाच्या पिकावर रासायनिक कीडनाशकांचा वापर शक्यतो टाळावा, कारण त्यांचे अवशेष थेट औषधात उतरू शकतात.

फळबागायतदारांसाठी सावधगिरी

गुळवेलीवर सहसा गंभीर रोग-किडी येत नाहीत, असे सांगितले जाते. ते पिकापुरते खरे आहे. परंतु परिसराचा विचार केल्यास एक अपवाद लक्षात घ्यावा लागतो. संत्री, मोसंबी व डाळिंब यांच्या पक्व होत आलेल्या फळांना रात्री सोंड खुपसून रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या फळझाडांवर वाढत नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींच्या पानांवर उपजीविका करतात. पतंगाने भोक पाडलेल्या फळात बुरशी शिरते आणि फळ गळून पडते. म्हणूनच विदर्भातील संत्रा उत्पादकांना बागेच्या परिसरातील या वेली काढून टाकण्याचा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात.

एका शेतकऱ्याचे औषधी पीक हे शेजारच्या बागायतदाराचे संकट ठरू शकते, हा यातील बोध आहे. लिंबूवर्गीय फळबागांच्या पट्ट्यात गुळवेलीच्या लागवडीची शिफारस करू नये. याउलट वनालगतची गावे, कोरडवाहू पट्टे आणि भातखाचरांचे बांध ही तिच्यासाठी योग्य क्षेत्रे होत. पिकाची निवड ही केवळ जमीन व पावसावर नव्हे, तर शेजारच्या पिकांवरही अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

काढणी आणि साठवण

खोडाची जाडी सुमारे 2.5 सेंटिमीटर झाल्यावर, म्हणजे साधारणतः दोन वर्षांनंतर, शरद ऋतूत काढणी केली जाते. या वेळी सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, वेल मुळासकट उपटू नये. जमिनीलगतचा खोडाचा भाग राखून वरील परिपक्व खोड धारदार कोयत्याने कापावे. राखलेल्या बुडख्यापासून नवे फुटवे येतात आणि त्याच वेलीपासून पुढेही उत्पादन मिळते. ‘छिन्नरुहा’ या नावातील आश्वासन अशा कापणीनेच खरे ठरते. वन्य वेलींच्या बाबतीत हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा, तसेच परिसरातील काही वेली बीजधारणेसाठी पूर्णपणे राखून ठेवाव्यात.

कापलेले खोड स्वच्छ पाण्याने धुऊन, हवाई मुळे व सुटी साल काढून त्याचे लहान तुकडे करावेत. मांसल खोड अखंड ठेवल्यास ते आतून लवकर वाळत नाही व त्यावर बुरशी धरते. तुकडे सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उंच ठेवलेल्या जाळीवर पसरून पूर्ण वाळवावेत. वाळलेला माल गोणपाटाच्या पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा. प्रत्येक पोत्यावर वनस्पतीचे नाव, ठिकाण आणि काढणीची तारीख नोंदविल्यास मालाचा माग काढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये औषधी वनस्पतींच्या उत्तम लागवड व संकलन पद्धतींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या मुळाशीही योग्य ओळख, स्वच्छ हाताळणी आणि नोंद ही त्रिसूत्रीच आहे.

अर्थकारण : स्वतंत्र पीक की पूरक पीक?

औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी अनेकदा अवाजवी आशा निर्माण केल्या जातात. गुळवेलीचे आकडे या बाबतीत वस्तुस्थितीचे भान देतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्रसारित केलेल्या लागवड तंत्रानुसार एका हेक्टरपासून दोन वर्षांत सुमारे 1,500 किलो ताजे खोड मिळते आणि वाळल्यावर त्याचे वजन सुमारे 300 किलो भरते. म्हणजे ताज्या मालाचा केवळ पाचवा भाग विक्रीयोग्य राहतो.

उदाहरणादाखल वाळलेल्या खोडाचा दर प्रतिकिलो 50 रुपये धरला, तर हेक्टरी दोन वर्षांचे ढोबळ उत्पन्न 15,000 रुपये होते. त्यातून रोपे, मजुरी, आधार व वाहतूक यांचा खर्च वजा केल्यास एकट्या गुळवेलीसाठी सुपीक जमीन गुंतविणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही, हे उघड आहे. दर दुप्पट धरला, तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही.

मात्र हीच वेल बांधावर, कुंपणावर, वनशेतीतील झाडांवर किंवा गावाच्या सामूहिक जमिनीवर घेतली, तर चित्र वेगळे दिसते. तेथे जमिनीची स्वतंत्र किंमत मोजावी लागत नाही, आधार आयता मिळतो आणि मजुरी हंगामाबाहेरच्या दिवसांत विभागली जाते. म्हणून गुळवेल हे मुख्य पीक नव्हे, तर पूरक पीक मानणे योग्य होय. स्थानिक पातळीवर वाळवण, वर्गवारी व चूर्ण करण्याची सोय झाल्यास मूल्यवर्धनाचा वाटा गावातच राहतो. लागवडीपूर्वी खरेदीदाराशी दर, आर्द्रतेचे प्रमाण आणि चाचणीचा खर्च यांविषयी लेखी करार करणे हिताचे ठरते.

सुरक्षित वापराचा प्रश्न

सहज उपलब्ध व नैसर्गिक असलेली वस्तू सर्वथा निरुपद्रवी असते, हा समज शास्त्रीय नाही. 2021 मध्ये मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात वनस्पतीची नेमकी ओळख पटविलेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांमधील 43 रुग्णांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चर्चा पुढे चालू राहिली. त्याच वर्षी मंत्रालयाने गुळवेल व टिनोस्पोरा क्रिस्पा यांच्यातील फरक स्पष्ट करणारी माहिती प्रसृत करून, गुळवेलीचे सेवन तज्ज्ञ वैद्याच्या सल्ल्यानेच करावे, असे सुचविले.

या वादातील दोन्ही बाजूंचा विचार केल्यास एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. वनस्पतीची ओळख, सेवनाची मात्रा व कालावधी आणि रुग्णाची पूर्वीची प्रकृती या तिन्ही गोष्टींची नोंद असल्याशिवाय कोणत्याही वनौषधीच्या सुरक्षिततेविषयी ठाम विधान करता येत नाही. यकृताचे किंवा स्वप्रतिकारशक्तीशी निगडित विकार असलेल्या व्यक्तींनी, तसेच मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने काढे घेणे टाळावे. रस्त्याकडेची अनोळखी वेल तोडून तिचा काढा करणे तर सर्वथैव अयोग्य होय. औषधाच्या सुरक्षिततेची साखळी शेतातून सुरू होते. ओळखलेल्या मातृवेलीपासून झालेली नोंदणीकृत लागवड हा त्या साखळीचा पहिला दुवा आहे.

कायदा आणि धोरणाची चौकट

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणाऱ्या 2006 च्या कायद्याने गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क पात्र वननिवासींना दिला. गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पतींचा स्पष्ट समावेश आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला संकलनाचे नियम ठरविता येतात. कोणत्या महिन्यात तोड करावयाची, बुडखा किती राखावयाचा आणि कोणत्या भागाला विश्रांती द्यावयाची, हे निर्णय गावपातळीवर झाल्यास ते अधिक परिणामकारक ठरतात.

गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची केंद्र सरकारची योजना 2013-14 मध्ये सुरू झाली. मे 2020 मध्ये या किमती सुधारण्यात आल्या, तेव्हा झालेली लक्षणीय वाढ विशेषतः गुळवेलीच्या दरात दिसून आली. वन धन योजनेचा प्रारंभ एप्रिल 2018 मध्ये छत्तीसगडमधील विजापूर येथून झाला. संकलकांचे गट करून त्यांना प्रक्रिया व विक्रीत वाटा मिळवून देणे, हा तिचा हेतू होता.

लागवडीच्या बाजूने पाहता, 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आयुष अभियानातील औषधी वनस्पती घटकांतर्गत 2015-16 ते 2020-21 या काळात निवडक वनस्पतींच्या लागवडीच्या खर्चावर 30, 50 किंवा 75 टक्के अनुदान देण्यात येत होते. संशोधनाच्या क्षेत्रात लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था आणि गुजरातमधील आणंदजवळ असलेले औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय या प्रमुख संस्था कार्यरत आहेत.

जैविक विविधता कायदा, 2002 यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या तरतुदींतून सूट दिली. मात्र त्यासाठी माल लागवडीतूनच आला आहे, हे दर्शविणारे उद्गम प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. लागवडीला उत्तेजन मिळावे, हा त्यामागील हेतू आहे. परंतु जंगलातील माल लागवडीचा म्हणून दाखविला गेला, तर ज्या स्थानिक समाजांनी ही संपदा जपली त्यांचा लाभातील वाटा बुडेल. म्हणून स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडील नोंदी अचूक असणे हे या सवलतीच्या यशाचे गमक आहे.

समारोप

गुळवेलीच्या उदाहरणातून औषधी वनस्पतींच्या विकासाचे एक व्यापक सूत्र हाती येते. लागवड हा संकलनाला पर्याय नसून त्याचा पूरक मार्ग आहे. संकलकाचा वनोपजावरील हक्क कायम राखून त्याच्याच बांधावर, त्याच्याच गटाच्या रोपवाटिकेतून ओळख पटलेल्या वेलींची लागवड झाली, तर जंगलावरील ताण कमी होईल, औषधाची गुणवत्ता वाढेल आणि उत्पन्नाला स्थैर्य येईल. याउलट केवळ मागणीच्या मागे धावून वेली उपटल्या गेल्या, तर काही वर्षांतच संकलकाच्या हाती रिकामी पोती उरतील.

तोडली तरी पुन्हा वाढण्याचा गुण निसर्गाने गुळवेलीला दिलेला आहे. मात्र जमिनीलगतचा बुडखा शिल्लक राहील, तोवरच या गुणाचा उपयोग आहे. तो बुडखा राखावयाचा की नाही, हा निर्णय कोयता हाती असलेल्या माणसाचा असतो. त्या माणसाला योग्य ज्ञान, रास्त दर आणि वनावरील हक्काची खात्री मिळाली, तर तो बुडखा निश्चितच राखला जाईल. औषधी वनस्पतींविषयीच्या कोणत्याही धोरणाचे यश अखेरीस याच कसोटीवर तपासावे लागेल.